आप्रवासी घाट : काही पायऱ्या, एक नोंदवही आणि आपले विस्मरण

१

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. तिच्या बंदरालगत त्रू फाँफारों नावाच्या भागात काळ्या दगडाच्या काही पायऱ्या आहेत. दूरवरून त्या पाहण्यासाठी आलेल्या माणसाची प्रथमदर्शनी थोडी निराशाच होते. जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या स्थळाविषयी मनात जी भव्यतेची अपेक्षा असते, तिची पूर्तता करील असे येथे काहीच नाही. शिखर नाही, स्तंभ नाही, शिल्प नाही. संरक्षित जागा जेमतेम १,६४० चौरस मीटरांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी वाड्याच्या आवाराएवढी. तीत प्रवेशद्वार, रुग्णालयाचा भाग, स्वयंपाकाच्या जागा, शौचकूप आणि पडक्या भिंतींचे जोते. मूळ आवाराचा बराचसा भाग पुढे रस्ता बांधताना नाहीसा झाला. जे उरले, ते अर्धवट उरले.

ह्या पायऱ्यांवरून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे साडेचार लाख भारतीय माणसे चढून गेली. त्यांतली काही पाच-दहा वर्षांनी परतली, काही पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली, पुष्कळशी तेथेच राहिली. आज त्या बेटाच्या लोकसंख्येपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक ह्या माणसांचे वंशज आहेत. म्हणून ह्या स्थळाला संग्रहालय म्हणायचे की स्मारक, असा प्रश्न पडतो. २०१४ साली येथे माहितीकेंद्र उघडले गेले आणि हे स्थळ जपण्यासाठी धडपडलेल्या बिक्रमसिंग रामलाला ह्या पत्रकाराचे नाव त्याला देण्यात आले. तरीही ह्या जागेचा खरा संग्रह म्हणजे ह्या पायऱ्याच होत, असे मला वाटते. बाकीच्या वस्तू त्यांच्यावरील भाष्य आहे.

दगडाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटतो. हा केवळ भावनेचा खेळ नव्हे. दख्खनचे पठार सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थानावरील उद्रेकांतून घडले, त्याच तप्तस्थानावर भूखंड सरकत गेल्यानंतर कालांतराने मॉरिशसचे बेट उभे राहिले, असे भूशास्त्र सांगते. आपल्या किल्ल्यांचा काळा पाषाण आणि ह्या पायऱ्यांचा काळा पाषाण ही एकाच भट्टीची, फार अंतराने झालेली निर्मिती आहे. रत्नागिरीहून गेलेल्या मजुराला हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. परंतु जहाजातून उतरून त्याने अनवाणी पाऊल टाकले, तेव्हा पायाखालचा दगड तरी परका नव्हता.

२

ह्या पायऱ्यांचा इतिहास साखरेपासून सुरू होतो. फ्रेंचांनी अठराव्या शतकात हे बेट वसवले ते आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. १८१० साली इंग्रजांनी ते जिंकले. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच करण्यात आला आणि बेटावर उसाचे राज्य सुरू झाले. पुढे १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले. ज्यांचे आयुष्य विकले गेले होते, त्यांना काहीही मिळाले नाही. उलट काही वर्षे ‘उमेदवार’ म्हणून त्यांनी त्याच मालकाकडे राबावे, अशी व्यवस्था झाली. ती १८३९ मध्ये संपली, तेव्हा बहुसंख्य मुक्त गुलामांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. ज्या शेतात फटके खाल्ले, त्या शेतात मजुरीने का होईना परत जाण्याची इच्छा कोणाला असणार?

मळेवाल्यांनी हे आधीच ताडले होते. हंटर-आर्बथनॉट ह्या व्यापारी पेढीने कलकत्त्यास ३६ मजुरांशी करार केला आणि ‘अॅटलस’ जहाजाने ही माणसे २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईस पोहोचली. पगार महिना पाच रुपये, मुदत पाच वर्षे, शिवाय शिधा आणि कपडे. कराराचा कागद त्यांना वाचून दाखवण्यात आला आणि त्यांनी त्याखाली फुल्या मारल्या. गुलामाच्या श्रमाची जागा ‘स्वतंत्र’ माणसाच्या करारबद्ध श्रमाने भरून काढता येते की नाही, हे ब्रिटिश शासनाला येथे पाहावयाचे होते. ह्याला त्या काळी ‘महाप्रयोग’ म्हटले गेले. तो यशस्वी ठरला आणि मग त्याच नमुन्यावर गयाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी येथे भारतीय माणसे नेण्यात आली. मॉरिशसमध्ये आजही २ नोव्हेंबर हा राष्ट्रीय स्मरणाचा दिवस आहे.

मराठी वाचकाने येथे एका शब्दाशी थबकले पाहिजे. त्या पहिल्या ३६ जणांना कागदपत्रांत ‘धांगर’ म्हटले आहे. हे आपले धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलुखातील उराँव आदी आदिवासींना कलकत्त्याच्या बाजारात ह्या नावाने ओळखत. शब्दसाम्याच्या बळावर इतिहासात आपली जागा शोधण्याचा मोह आवरला पाहिजे. आपली जागा तेथे आहे. पण ती दुसऱ्या बंदरातून गेलेल्या जहाजांत आहे.

बंदरावरील आवार १८४९ पासून उभे राहू लागले आणि १८६०च्या दशकात वाढवले गेले. जहाजातून उतरलेली माणसे येथे दोन दिवस तरी ठेवली जात. वैद्यकीय तपासणी होई, नोंद होई, क्रमांक मिळे आणि मग मळ्याची वाट. १८६५च्या सुमारास छायाचित्रे काढण्यास सुरुवात झाली. ही छायाचित्रे आज आपल्याला अमोल वाटतात. परंतु ती काढली गेली ती आठवण म्हणून नव्हे. कराराची मुदत संपलेल्या ‘जुन्या आप्रवाशा’ने स्वतःचे छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगलाच पाहिजे, असा दंडक १८६७च्या कायद्याने घातला. परवाना हरवला की तो भटका ठरे आणि त्याला तुरुंगात डांबता येई. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी कपात’ होतीच. ह्या जाचाविरुद्ध १८७१ साली नऊ हजारांहून अधिक जुन्या आप्रवाशांनी एक अर्ज केला. तो लिहून देणारा आदोल्फ द प्लेव्हित्झ हा युरोपीय माणूस होता आणि त्यासाठी त्याला गोऱ्या मळेवाल्यांचा रोष पत्करावा लागला. अर्जामुळे १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. आपल्या माणसांनी आपल्या दुःखाविषयी सामूहिकपणे लिहविलेला तो परदेशातील एक आरंभीचा दस्तऐवज आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकानेही त्याची दखल घेतली पाहिजे.

३

पोर्ट लुईहून थोड्या अंतरावर मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. तेथे भारतीय आप्रवासनाचे दफ्तर जतन केलेले आहे आणि त्याच संस्थेत भारतीय आप्रवासाचे एक लहानसे लोकसंग्रहालयही आहे. घाटावर इतिहासाचा सार्वजनिक चेहरा दिसतो. मोक्याला त्याचे घर दिसते. पितळेची भांडी, दळण-वाटण करण्याचे दगड, शेतीची अवजारे, वस्त्रे, दागिने, वाद्ये. अशा संग्रहालयात आपल्याकडचा माणूस काहीसा संकोचतो. काचेआड ठेवलेल्या ह्या वस्तूंपैकी कित्येक त्याच्या आजीच्या स्वयंपाकघरात होत्या आणि तेथे त्यांना कोणी पुराणवस्तू म्हटले नव्हते.

परंतु वस्तू बोलतात ते अर्धेच. वाटणाचा दगड सांगतो की ह्या घरात मसाला वाटला जाई. तो वाटणारी बाई ह्या बेटावर स्वेच्छेने आली होती की तिला फसवून आणले होते, हे तो सांगत नाही. आरंभीच्या तांड्यांत स्त्रिया फार थोड्या होत्या. पुढे शासनाने जहाजावरील स्त्रियांचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हा त्यांची संख्या वाढली. अवजार सांगते की ऊस तोडला गेला. तोडणाऱ्यावर देखरेख ठेवणारा ‘सरदार’ हाही बहुधा भारतीयच असे आणि त्याच्या मर्जीवर त्या तांड्याचे दिवस चांगले-वाईट जात, हे ते सांगत नाही. भरती करणारे अरकाटी आणि मुकादम आपलेच होते. संग्रहालय हे बहुधा अभिमानासाठी उभारले जाते. त्यामुळे त्याच्या मांडणीत ह्या गोष्टींना जागा कमी मिळते. हा दोष एकट्या मॉरिशसचा नाही.

वस्तू जेथे थांबतात, तेथून नोंदवही सुरू होते. एक क्रमांक, एक नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव, परगणा, जिल्हा, जहाज, मळा. एका माणसाला एक ओळ. मी आयुष्यभर संहिता वाचत आलो. कवितेच्या एका ओळीवर तासभर बोलण्याची सवय असलेल्या माणसाला ही ओळ प्रथम अगदी मुकी वाटते. तिच्यात विशेषण नाही, क्रियापद नाही, आणि प्रथमपुरुष तर नाहीच. ज्याच्याविषयी ती आहे, त्याचा आवाज तिच्यात कोठेही नाही. तरीही काही वेळ ती पाहत राहिले की ध्यानात येते : ही ओळ तीन माणसांनी मिळून रचलेली आहे. एकाने नाव उच्चारले, दुसऱ्याने ते दुभाष्या म्हणून सांगितले, तिसऱ्याने कानाला जसे आले तसे रोमन लिपीत उतरवले. ऐकणे, सांगणे आणि लिहिणे ह्या तीन पायऱ्यांवर नाव तीनदा घसरले. ती घसरण हाच त्या माणसाच्या आवाजाचा उरलेला अंश होय. कारकुनाने शुद्ध लिहिले असते, तर तो अंशही उरला नसता.

ह्या नावांची पुढची कथाही लक्षणीय आहे. रामजी, भिवाजी, सखाराम अशी एकेरी नावे वहीत लिहिली गेली आणि पुढच्या पिढीत तीच आडनावे झाली. आपल्याकडे गावावरून, हुद्द्यावरून, वतनावरून आडनाव येते. तेथे ते पहिल्या उतरलेल्या माणसाच्या नावावरून आले. वतन मागे राहिले होते, हुद्दा नव्हता. नाव तेवढे होते. कारकुनाने नकळत प्रत्येक कुळाला मूळपुरुष दिला.

४

ह्या दफ्तराशी संबंधित एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी तेथे गेलो होतो, त्या दिवशी एक तरुण शिक्षिका आपल्या पूर्वजाची नोंद शोधून तिची प्रत घेऊन आली होती. वंशजांनी असे शोध घेण्यासाठी येणे तेथे नित्याचे आहे. मी महाराष्ट्रातून आलो आहे, हे कळताच तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि शाळेत शिकलेल्या, जपून जुळवलेल्या मराठीत विचारले, “काका, हे गाव कसे म्हणायचे?”

जिल्हा रत्नागिरी होता, ह्यात संशय नव्हता. तालुक्याच्या जागी असलेली अक्षरे संगमेश्वराची असावीत, हे जिभेवर घोळवल्यावर कळत होते. गावाचे नाव मात्र दोन प्रकारे वाचता येत होते. एका वाचनात ती ‘वाडी’ होती, दुसऱ्यात ‘वाडा’. त्याआधीचे अक्षर तर तीन प्रकारे वाचता येण्याजोगे. कोकणात वाड्या किती आणि वाडे किती! मी तिला दोन्ही शक्यता म्हणून दाखवल्या. तिने दोन्ही हळूच उच्चारून पाहिल्या. मग म्हणाली, “त्यांतले खरे कुठले?”

मला एखादे नाव निवडून सांगता आले असते. ती आनंदाने घरी गेली असती. तिच्या घरातल्या वृद्धांना एक गाव मिळाले असते आणि कदाचित पुढच्या वर्षी ती मुंबईहून रत्नागिरीची गाडीही पकडून आली असती. जन्मभर पाठचिकित्सेच्या शिस्तीत वाढलेल्या मला ते जमले नाही. मी तिला म्हणालो, “खरे कुठले, ते ह्या ओळीवरून सांगता येणार नाही. जहाजाची मूळ यादी आणि त्या काळची गावांची यादी ताडून पाहावी लागेल.” ती “बरं” म्हणाली आणि कागदाची घडी घालू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अशी उत्तरे तिने पूर्वीही ऐकली असावीत. त्या दिवशी मी योग्य तेच केले, असे आजही मानतो. परंतु ते काम करण्यासाठी जी साधने हवीत, ती तिला देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र मी तेथून बरोबर घेऊन आलो.

५

कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तीन बंदरांतून माणसे गेली. सर्वाधिक कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील भोजपुरी मुलुखातून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईचा वाटा लहान. १८३९ मध्ये भारत सरकारने ह्या निर्गमनावर बंदी घातली होती. १८४२ मध्ये ती मॉरिशसपुरती उठवण्यात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत रत्नागिरी, सातारा आणि आसपासच्या भागांतून मराठी माणसे गेली. त्याही आधी, १८१५ ते १८३७ ह्या काळात, सुमारे दीड हजार भारतीय बंदिवान शिक्षा म्हणून तेथे पाठवले गेले आणि त्यांच्याकडून रस्ते बांधून घेण्यात आले. त्यांत मुंबई इलाख्यातील कैदीही होते. १८३६ साली चार्ल्स डार्विन पोर्ट लुईस उतरला, तेव्हा रस्त्यावर काम करणाऱ्या ह्या कैद्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांनी तो प्रभावित झाला आणि आपल्या प्रवासवृत्तात त्याने त्यांची नोंद केली. दंडाबेडीतील माणसाविषयी आदराने लिहिलेले ते थोडे शब्द जगप्रसिद्ध ग्रंथात राहिले. त्या माणसांची नावे दफ्तरातच राहिली.

मुंबईहून होणारी भरती १८६०च्या दशकानंतर जवळजवळ थांबली. ह्याची कारणे मुंबईतच शोधावी लागतात. १८५३ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि लवकरच बोरघाटाचे प्रचंड काम निघाले. १८५४ पासून कापडगिरण्यांचा पाया घातला गेला. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने मुंबईत पैशाचा पूर आला. बांधकामे निघाली, मजुरी वाढली. कोकणातल्या ज्या माणसाला दुष्काळ, कर्ज आणि तुकड्यांत वाटली गेलेली जमीन घराबाहेर ढकलत होती, त्याला समुद्र ओलांडण्याऐवजी खाडी ओलांडून मुंबई गाठता येऊ लागली. शिमग्याला आणि गणपतीला परत येता येणे, हा त्या मुंबईचा मॉरिशसहून असलेला मोठा फरक होता.

वाङ्मयाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरला. मुंबईस गेलेला चाकरमानी परत येत राहिला. म्हणून तो ओव्यांत आला, पोवाड्यांत, लावणीत, नाटकांत आणि कथाकादंबऱ्यांत आला. गिरणगावाने मराठी साहित्याला एक सबंध विश्व दिले. मॉरिशसला गेलेला माणूस परत आला नाही, किंवा आला तरी गप्प राहिला. म्हणून तो आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. भोजपुरी लोकमानसात ‘मिरिच देश’ हे दूरदेशीच्या विरहाचे नाव झाले. हिंदीत मॉरिशसच्याच अभिमन्यु अनत ह्यांनी १९७७ मध्ये ‘लाल पसीना’ ही कादंबरी लिहिली आणि ह्या मजुरांना भारतीय भाषेतील गद्यात ठाम जागा मिळाली. मराठीला मात्र ह्या निर्गमनाचा विसर पडला. संख्या कमी होती हे खरे. पण विस्मरणाचे ते पुरेसे कारण नव्हे. ज्याला निरोप देऊन त्याची वाट पाहणे आपण थांबवतो, त्याच्याविषयी गाणेही थांबते.

तिकडे मात्र विसर पडला नाही. म्हणजे वेगळ्या प्रकारे पडला. घरातील मराठी ओसरली, तिची जागा क्रिओलने घेतली. परंतु ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील कास्काव्हेलसारख्या गावांतून मराठी वस्ती टिकली. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. रत्नागिरीची जाखडी तेथे ‘झाकरी’ झाली आणि गणपतीपुढे घुमत राहिली. शाळांतून मराठी हा विषय शिकवला जातो. भाषा प्रथम स्वयंपाकघरातून गेली आणि मग वर्गातून परत आली, हा क्रम उलटा आहे, म्हणून त्या मराठीला कृत्रिम म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या शिक्षिकेने मला ‘काका’ म्हटले, तेव्हा तो शब्द पुस्तकातून आला होता की आजीकडून, हे विचारण्याचे मला प्रयोजन वाटले नाही.

६

शब्दांविषयी थोडे. ह्या स्थळाला पूर्वी ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि ‘आप्रवासी घाट’ हे नाव रूढ झाले. ‘कुली’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती काही जण मजुरी ह्या अर्थाच्या तमिळ ‘कूलि’ शब्दाशी, तर काही जण पश्चिम किनाऱ्यावरील कोळी ह्या जमातिनामाशी जोडतात. वसाहतीच्या व्यवहारात ती केवळ अवहेलनेची खूण झाली. तो शब्द टाकून देण्याचा हक्क ज्यांना तो चिकटवला गेला होता, त्यांच्या वंशजांचाच. तथापि काही कवींनी तोच शब्द उचलून त्याला नवा मान देण्याचा प्रयत्न केला आहे. मॉरिशसचे खाल तोराबुली ह्यांनी त्यापासून ‘कुलीत्यूद’ ही संज्ञा घडवली. एक मार्ग जखम झाकण्याचा, दुसरा ती दाखवण्याचा. दोन्ही मार्ग आत्मसन्मानाचेच आहेत.

‘घाट’ ह्या शब्दाने मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात : डोंगरातून उतरण्याची वाट आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. ह्या घाटावर माणसे पाण्यातून वर चढली. संस्कृत-हिंदी वळणाच्या ह्या नावाने त्या जागेला पावित्र्य दिले, हे खरे. पण पावित्र्याबरोबर एक धोकाही येतो. तीर्थक्षेत्रात आपण प्रश्न विचारत नाही.

आणि प्रश्न विचारलेच पाहिजेत. करारबद्ध मजुरी म्हणजे गुलामगिरीच, की स्थलांतर? ह्यू टिंकर ह्यांनी १९७४ साली आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरीची एक नवी पद्धत’ ह्या अर्थाचे नाव दिले आणि त्या दृष्टिकोनाने एक पिढी घडवली. मरीना कार्टर ह्यांनी नव्वदच्या दशकात मजुरांच्या अर्जांतून, जबान्यांतून आणि पत्रांतून ती माणसे निर्णय घेणारी, कुटुंब बोलावणारी, जमीन विकत घेणारी म्हणून दाखवली. १८८०च्या दशकापासून मळेवाले अडचणीत येऊन जमिनींचे तुकडे विकू लागले, तेव्हा ते विकत घेणाऱ्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. मजुराचा शेतकरी झाला. १९०१ मध्ये गांधीजी तेथे सुमारे तीन आठवडे राहिले आणि मुलांना शिकवा, सार्वजनिक जीवनात या, असा उपदेश त्यांनी केला. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे पोहोचले. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या दिनी, देश स्वतंत्र झाला. नोंदवहीतील एका ओळीपासून नागरिकत्वापर्यंतचा हा प्रवास आहे.

तरीही ‘आद्य वसाहतकार’ म्हणून ह्या माणसांचा गौरव करताना मराठीची पंचाईत होते. आपला ‘वसाहत’ हा शब्द वस्ती आणि साम्राज्याची मालमत्ता ह्या दोन्हींना लागू पडतो. हे मजूर वस्ती करणारे होते. वसाहत गाजवणारे नव्हते. ते ज्या जमिनीवर आले, तिच्यावर त्यांच्याआधी दुसऱ्यांचे श्रम आणि रक्त सांडले होते. घाटाच्या अगदी शेजारी फ्रेंच अमदानीतील जुने लष्करी रुग्णालय आहे आणि अलीकडे त्यात गुलामगिरीचे संग्रहालय उभे राहिले आहे. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्नचा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्याच्या आश्रयाला जात. आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, ल मोर्नला २००८ मध्ये. दोन स्मृती शेजारी शेजारी आहेत. एकीच्या मोठेपणासाठी दुसरीला लहान करण्याचे कारण नाही. भारतीय पाहुण्याने घाटाच्या पायऱ्यांना हात लावून परत फिरू नये, शेजारच्या इमारतीतही जावे. पायऱ्यांवर आलेल्या माणसाला जागा मिळाली, कारण तिथल्या माणसाने बेडी नाकारली होती.

७

लहान संग्रहालये ही बहुधा स्थानिक लोकांच्या हट्टातून उभी राहतात. त्यांची मांडणी कधी भाबडी असते, फलक कधी अपुरे असतात. परंतु मोठ्या संग्रहालयांत राजांच्या तलवारी जतन होतात, तेव्हा वाटणाचा दगड आणि परवान्यावरील छायाचित्र जपण्याचे काम हीच संग्रहालये करतात. त्यांचे ऋण मान्य करणे म्हणजे त्यांचे अपुरेपण भरून काढण्यास हातभार लावणे.

मॉरिशसच्या बाजूने नोंदवह्या जतन झाल्या आहेत. आपल्या बाजूचा धागा मात्र सुटा आहे. मुंबईच्या दफ्तरखान्यातील निर्गमनाचे कागद, रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतील जुन्या गावयाद्या, आणि मोक्याच्या वहीतील रोमन अक्षरांत अडकलेली मराठी नावे ही तीन साधने एकत्र ठेवून वाचण्याचे काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे. केवळ इतिहासकाराला ते जमणार नाही. कारण ‘वाडी’ की ‘वाडा’, हे ठरवण्यास बोलीचे कान लागतात. आपल्या विद्यापीठांतून पाठचिकित्सेचे शिक्षण घेतलेले विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. संतवाङ्मयाच्या पोथीला जी शिस्त लावायची, तीच शिस्त एका निरक्षर मजुराच्या नावाला लावण्यात त्यांना कमीपणा वाटू नये.

मी परत आल्यावर गावांच्या दोन याद्या चाळून पाहिल्या. त्या तालुक्यात ती दोन्ही नावे सापडली. म्हणजे माझे अज्ञान आता अधिक नेमके झाले, एवढेच. हे मी त्या शिक्षिकेला पत्राने कळवले. तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते की घरातल्या देव्हाऱ्याशेजारी ती प्रत चौकटीत घालून लावली आहे आणि खाली देवनागरीत दोन्ही गावांची नावे लिहिली आहेत. त्यांतले एक केव्हातरी पुसायचे आहे.